शेवट मी वाचला नव्हता

लीर गावातल्या एका औषधांच्या दुकानात मी एकोणीस वर्षं काउंटरमागे उभी आहे. लोक खोकल्याचं औषध घेता घेता मला विचारायचे, "वेर्ले, सुट्टीत काय वाचू?" याला कारण वाचनालयाचं मासिक पत्रक. त्यात माझं एक पान असायचं. महिनाभरात वाचलेल्या फँटसी कादंबऱ्या आणि चित्रकादंबऱ्या, आणि प्रत्येकीबद्दल माझं मत, सात-आठ ओळींत.

सुरुवातीची काही वर्षं मी ते पान जीव ओतून लिहिलं. आठवणींवर कर बसवणाऱ्या राजाची एक पंचखंडी कादंबरी होती. प्रजेतल्या प्रत्येकानं वर्षाला एक आठवण खजिन्यात जमा करायची आणि कायमची विसरायची. पहिला खंड मी श्वास रोखून वाचला आणि दुसऱ्या खंडात लेखिका स्वतःचाच नियम विसरली आहे, आठवण देऊन बसलेली दाई तीच आठवण पुन्हा सांगते आहे, हे पान क्रमांकासकट लिहिलं. बर्फावरून पत्रं पोचवणाऱ्या बाईची एक चित्रकादंबरी होती, नुसती निळी आणि राखाडी. तिच्यात सलग सात पानं एकही शब्द नाही. ती मी तीनदा वाचली आणि लिहिलं की त्या सात पानांवर बाई एकदाही मागे वळून पाहत नाही, म्हणूनच तिच्या घरी काय झालं ते आपल्याला कळतं. वाचनालय चालवणारी माख्टेल्ड तेव्हा म्हणाली होती की तुझं पान वाचून लोक पुस्तक मागायला येतात.

तिथेच माझं बिघडलं. लोकांना माझी मतं आवडायला लागली, आणि त्यातही टोचणारी जास्त. "तीनशे पानं झाली तरी नायक अजून घोड्याला खोगीरच घालतो आहे" असं एकदा लिहिलं, तर आठवडाभर दुकानात येणारे जाणारे ते वाक्य मलाच ऐकवत होते. मग महिन्याला चारची आठ पुस्तकं झाली, आठाची दहा. एवढं वाचून होणं शक्यच नव्हतं. मी साठेक पानं वाचायची, मधली चाळायची, मागच्या कव्हरवरचा मजकूर पाहायची आणि मत ठोकून द्यायची. कोणाच्या लक्षात आलं नाही. आधी मला अपराधी वाटायचं, नंतर तेही वाटेनासं झालं. हे सांगताना आज जेवढी लाज वाटते, तेवढी तेव्हा नखभरही नव्हती.

गोमार सेल्स यांचं पुस्तक माझ्याकडे मार्चमध्ये आलं. हे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, नेते नावाच्या नदीच्या काठच्या गल्लीत बहीण रोझाबरोबर राहणारे. नोकरीत असताना कालव्यांच्या दरवाज्यांचे नकाशे काढायचे. निवृत्तीनंतर नऊ वर्षं खपून त्यांनी दोनशे बारा पानांची एक चित्रकादंबरी काढली आणि स्वतःच छापून घेतली. नदीच्या तळाशी आपल्या गावासारखंच दुसरं गाव आहे, उलटं, मनोरा खाली आणि चौक वर, आणि वरच्या गावातल्या एका दरवाजा-राख्याला, म्हणजे कालव्याचे दरवाजे सांभाळणाऱ्याला, त्याचा पत्ता लागतो, अशी कल्पना. कव्हरवर मनोऱ्याच्या टोकापर्यंत पाणी.

त्या महिन्यात माझ्यापुढे अकरा पुस्तकं होती. गोमार यांच्या पुस्तकाची पहिली अठ्ठावन्न पानं मी वाचली. कालव्याचे दरवाजे कसे उघडतात याचंच वर्णन फार. मग पुढची पानं अंगठ्याखालून भर्रकन सोडली. शंभराच्या आसपास चित्रांच्या रेषा थरथरायला लागलेल्या दिसल्या. मी लिहिलं, "पहिला भाग कालव्याच्या दरवाज्याइतकाच जड आहे. पुढे तर रेषा अशा हलतात की चित्रकारानं त्या धावत्या बसमध्ये बसून काढल्या असाव्यात. शेवटी पाणी गाव गिळतं, तेव्हा वाचणाऱ्याला सुटल्यासारखं होतं."

शेवटचं वाक्य मी कव्हर बघून लिहिलं होतं.

दुकानात लोक हसले. बसचा विनोद सगळ्यांना आवडला. गोमार रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आमच्याकडेच येतात. पत्रक निघाल्यावर पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी चिठ्ठी पुढे केली, गोळ्या घेतल्या, "बरं आहे, वेर्लेबाई," म्हणाले आणि गेले. माणूस शहाणा आहे, टीका मनाला लावून घेत नाही, असं मला वाटलं.

मे महिन्यात माख्टेल्डनं ठरवलं की वाचनालयात गोमार यांच्याशी गप्पांचा कार्यक्रम करायचा, रविवारी दुपारी तीनला, आणि प्रश्न मी विचारायचे. "तू टीका केलीस म्हणून तर मजा येईल," ती म्हणाली. नाही म्हणायला मला कारण सुचेना. तेव्हा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुकानातून घरी आल्यावर मी ते पुस्तक पहिल्यांदा नीट उघडलं.

एकसष्टाव्या पानावर तो दरवाजा-राख्या पाण्यात डोकं घालतो आणि तिथून रेषा हलायला लागतात. वरच्या गावाची प्रत्येक रेषा पट्टीनं ओढावी तशी सरळ, खालच्या गावाची प्रत्येक रेषा पाण्यातून दिसावी तशी लवलवती. मी सुरुवातीला एक चित्र ओलांडून पुढे गेले, मग परत मागे आले. लवलवत्या रेषांतही बायकांच्या चेहऱ्यावरचे भाव अचूक होते. भाकरीवाल्याच्या हाताला सहा बोटं होती आणि ती पुढच्या सगळ्या पानांवर सहाच होती. पाणी गाव गिळत नव्हतंच. शेवटी नदी आटत जाते, खालची माणसं आसरा मागायला वर येतात, आणि चौकात सरळ रेषेतली नि थरथरत्या रेषेतली माणसं समोरासमोर उभी राहतात. शेवटच्या पानावर दरवाजा-राख्याच्या स्वतःच्याच हाताची रेषा हलायला लागलेली असते.

पुस्तक मिटलं तेव्हा चहा गार झाला होता आणि माझे कान तापले होते. पुस्तक चांगलं निघालं याचं मला फारसं काही वाटलं नाही. हे पुस्तक ज्यानं काढलं, त्या माणसाला मी खोटं लिहिलंय हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि तो माझ्या हातून गोळ्या घेऊन जात होता, हे मात्र मला सहन होईना.

माख्टेल्डला फोन करून आजारी आहे म्हणावं, असं दहादा मनात आलं. फोन हातातही घेतला होता. पण गेले.

चाळीसएक माणसं आली होती. माख्टेल्डनं कॉफी आणि गावचे छोटे गोड टार्ट मांडले होते. गोमार इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत ताठ बसले होते. मी नकाशांबद्दल विचारलं, कागदाबद्दल विचारलं, शाईबद्दल विचारलं. शेवटाच्या आसपासही गेले नाही. थरथरत्या रेषांचं त्यांनी आपणहून सांगितलं. आयुष्यभर सरळ रेषा काढलेल्या हाताला हलायला शिकवण्यात दोन वर्षं गेली, असं ते म्हणाले. पहिल्या रांगेतल्या कोणीतरी माझ्याकडे पाहून "म्हणजे बस नव्हती तर," असं म्हटलं आणि हशा झाला. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून शरम वाटते.

मग तिसऱ्या रांगेतून रोझा सेल्स उठल्या. अगदी साध्या आवाजात त्यांनी भावाला विचारलं, "गोमार, पण शेवटी तू आपलं गाव बुडवलंस का रे?"

गोमार यांनी माझ्याकडे पाहिलं. "ते वेर्लेबाई सांगतील. त्यांनी लिहिलंय ना त्याच्यावर."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी सावरून घेऊ शकले असते. आदल्या दिवशी पुस्तक वाचलेलं होतंच, दोन वाक्यांत शेवट सांगून, लिहिताना चूक झाली म्हणून मोकळी झाले असते. ते वाक्य जिभेवर आलंही. पण गोमार यांची नजर हलत नव्हती.

"गाव बुडत नाही," मी म्हणाले. "मी लिहिलं ते खोटं आहे. अठ्ठावन्न पानं वाचून मी ते मत दिलं. शेवट कव्हर बघून लिहिला. पुस्तक मी काल वाचलं."

माख्टेल्ड भिंतीपाशी उभी होती, तिनं मान खाली घातली. मला वाटलं, झालं ते झालं, आता संपलं. पण मागून मादाम कूलेन्स उठल्या. या बाई दर महिन्याला माझं पान कापून पर्समध्ये ठेवायच्या आणि त्याबरहुकूम पुस्तकं न्यायच्या.

"ती सात खंडांची ड्रॅगनवाली कादंबरी," त्या म्हणाल्या, "पायाचं ऑपरेशन झालं तेव्हा तुझ्या सांगण्यावरून मी सातही वाचले. चौथ्यानंतर मला काही कळेना. वाटलं, आपलंच डोकं आता चालत नाही. तू किती वाचलेस, वेर्ले?"

"दीड," मी म्हणाले.

त्या खाली बसल्या. रागावल्या नाहीत. शेजारणीला हळूच म्हणाल्या, "म्हणजे माझं डोकं ठीक होतं म्हणायचं." त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कार्यक्रम कसाबसा संपला. लोक गोमार यांच्याभोवती पुस्तकं घेऊन जमले, आणि मी खुर्च्या रचायला लागले, कारण दुसरं काय करावं ते कळत नव्हतं. गर्दी ओसरल्यावर गोमार माझ्याजवळ आले. मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकून घेतली, पण "असू दे" म्हणाले नाहीत.

"रोझाला तो प्रश्न मीच विचारायला लावला होता," ते म्हणाले. "दोन महिने मी हाच विचार करत होतो, की चारचौघांत तुम्हाला कसं पकडायचं. रोझा नको म्हणत होती. आता पकडलं, तर बरं वाटत नाहीये."

"तुमचं काही चुकलं नाही."

"चुकलंच. दुकानात सरळ विचारता आलं असतं. तेवढी हिंमत नव्हती." मग म्हणाले, "आणि ऐका. पहिली साठ पानं खरंच जड आहेत. ते तुम्ही वाचून लिहिलं होतं, आणि ते बरोबर होतं. त्याचाच मला जास्त राग आला."

त्या आठवड्यात मी माख्टेल्डला सांगून पान सोडलं. तिनं थांबवलं नाही. सोडण्याआधी मी एक शेवटचं पान तेवढं मागून घेतलं. त्यात गेल्या तीन वर्षांत मत दिलेली आणि पूर्ण न वाचलेली पुस्तकं, जेवढी आठवली तेवढी, आणि प्रत्येकापुढे मी कुठल्या पानावर थांबले ते लिहिलं. एकोणचाळीस निघाली. खाली गोमार यांच्या पुस्तकाबद्दल नव्यानं लिहिलं, पहिली साठ पानं जड आहेत हे कायम ठेवून. मला वाटलं होतं, पत्रक निघाल्यावर दुकानात कोणी फिरकणार नाही. लोक आले. औषधं घेतली, हवेबद्दल बोलले. पुस्तकाबद्दल कोणी विचारलं नाही.

आता मी महिन्याला एखादं पुस्तक वाचते, शेवटपर्यंत, कंटाळा आला तरी. परवा एक चित्रकादंबरी संपवली, समुद्रातल्या घंटा दुरुस्त करणाऱ्या माणसाची. तिचा मधला भाग फसलेला आहे आणि शेवट मात्र फार सुंदर आहे. हे सांगायला कोणी नव्हतं, म्हणून नवऱ्याला सांगितलं. तो "हो का," म्हणाला.

गोमार गोळ्या न्यायला येतात. "बरं आहे, वेर्लेबाई," म्हणतात. मी चिठ्ठी घेते, डबी पुढे करते, आणि त्यांच्याकडे न बघता कशा घ्यायच्या ते सांगते, जरी त्यांना ते कधीचं पाठ आहे.