ठिपक्यांचा कांदा

बायनाबाईची बहीण येलदरीला धरणाच्या कॉलनीत धुणीभांडी करायची. तिथल्या इंजिनीयरबाईंनी बदली होऊन जाताना तिला एक कुंडी दिली आणि तिने ती बायनाबाईला दिली. जाडसर हिरवी पानं, त्यावर गडद ठिपके, मातीत कांदे. आफ्रिकेतलं झाड म्हणे. खायचं नाही, नुसतं बघायचं. पोखर्णीजवळच्या त्यांच्या वस्तीत नुसतं बघायचं झाड कुणाच्याच दारी नव्हतं, आणि बायनाबाईला नेमकं तेच आवडलं. वस्तीतला नवा विहार पंच्याहत्तर सालच्या बुद्धपौर्णिमेला उघडायचा होता. "मूर्तीपुढं माझीच कुंडी ऱ्हाईल," असं ती घरोघर सांगून बसली.

दिवाळीनंतर थंडीने पानं पिवळी पडून गळाली. बहिणीने बजावलंच होतं, की कांदे काढून कोरडे ठेव, उन्हाळ्याच्या तोंडाला पुन्हा लाव. बायनाबाईने ते ओसरीवरच्या पाटीत ठेवले आणि तिथेच घोळ झाला. त्याच पाटीत तिच्या नवऱ्याने, रंगनाथने, बियाण्यासाठी निवडलेले कांदे होते. बियाण्याचा कांदा लावताना वरचा तिसरा हिस्सा विळ्याने उडवायचा, ही त्याच्या बापापासूनची रीत. त्याने बसल्या बैठकीला सगळी पाटी कापून काढली. त्यातल्या काहींना कांद्याचा वासच येत नाही, हे तोंडात तंबाखू असल्याने त्याला कळलंच नाही.

"आवं, काय करायलाव हे! माझ्या झाडाची मुंडकी उडवली तुमी!"

"मला काय ठाव? कांदा दिसला, कापला."

कापलेली बुडखं बायनाबाईने राख लावून कुंडीत पुरली आणि नवऱ्याशी बोलणं टाकलं. भाकरी पुढ्यात सरकवायची, पण तोंडातून शब्द नाही. रागापेक्षा लाजच जास्त होती. आता वस्तीत तोंड कसं दाखवायचं?

वैशाख लागला. विळा जिथून फिरला होता, तिथे कडेकडेने नव्या कांद्यांचे ज्वारीएवढे दाणे धरले होते आणि दाण्यादाण्याला नखाएवढी पानं फुटली होती. पौर्णिमेला तिने मन घट्ट करून कुंडी मूर्तीपुढे ठेवली.

"बायने, मेथी पेरलीस का गं?" शेजारच्या कडूबाईने डिवचलं. बाया खिदळल्या. पण कडूबाईने वाकून पाहिलं, तेवढ्याशा पानांवरचे ठिपके तिला दिसले, आणि ती म्हणाली, "मला एक दे की." मग दुसरीने हात पुढे केला, मग तिसरीने.

बायनाबाईच्या जिवावर आलं. एकटीचं होतं, ते आता दारोदार होणार. पण मूर्तीपुढे बसून नाही कसं म्हणायचं? एकेक दाणा मातीसकट काढून ती बायांच्या पदरात घालत गेली. शेवटी शेवटी तर 'उन्हात ठेवू नका, लय पाणी घालू नका' असं तीच सगळ्यांना दरडावत होती, आणि ते तिला फार बरं वाटत होतं.

घरी येताना रंगनाथने कुंडीत डोकावून पाहिलं. "आपल्याला किती ऱ्हायले?"

"एकच," बायनाबाई म्हणाली. कांदे कापले त्या दिवसानंतर ती आज पहिल्यांदा त्याच्याशी बोलली होती.

रंगनाथने कुंडी तिच्या हातून आपल्याकडे घेतली. मग भीत भीत म्हणाला, "मंग, त्यो कापू का?"