मग वाटेत आहेत

हो, मी गळकी बादलीच बोलतेय. हसून घ्या, मी थांबते.

पनवेलच्या बाजारात मी चांगली धडधाकट, लालचुटूक होते हो! सुकापूरच्या एका शाळेत फरशी पुसायच्या कामाला लागले. एके दिवशी तिथल्या वेणूमावशींच्या हातून जिन्यावरून सुटले आणि बुडाला भोक पडलं. "गेली कामातून," म्हणत मावशींनी मला भंगारात टाकलं.

तिथून उचललं विनिता मॅडमनी. "भोक आहे? हीच पाहिजे!" बाई शुद्धीवर आहेत ना, अशी मला शंका आली.

मॅडम दर शनिवारी सातवीला मॉडेलं बनवायला शिकवायच्या. फळ्यावर एक चौकोन, तो साठा. आत येणारा बाण म्हणजे आवक, बाहेर जाणारा म्हणजे जावक. सोसायटीच्या टाकीतलं पाणी असो की स्टेशनबाहेरच्या रिक्षा, सगळं त्यात बसतं म्हणे. आणि चौकोन म्हणजे कोण? अहो, मी! जावक म्हणजे माझं भोक! माझं चित्र कोणी काढलं होतं आजवर?

मुख्याध्यापक हरेश सरांना ही थेरं वाटायची. "इतके शनिवार झाले, मुलांचे मार्क वाढले का? आज बघतो. नाहीतर हा तास गणिताला आणि बादली भंगारात." माझ्या पोटात गोळा आला. भोकातून पडला नाही, एवढंच.

त्या दिवशीचा खेळ सोपा होता. नळ व्हरांड्याच्या टोकाला, मी फळ्याखाली. मधे मुलांची रांग, भरलेले मग हातोहात पुढे देणारी. माझ्यातलं पाणी लाल रेघेवर ठेवायचं. रांगेत आलेला मग माझ्यातच ओतायचा, हा नियम.

"ह्यात काय शिकायचंय? सरका, मी सांगतो," म्हणत सर माझ्याशेजारी उभे राहिले. पाणी रेघेखाली होतं. "आणा!" सर ओरडले. पाणी वाढेना. "जेवला नाहीत का रे? आणा, आणा!" नळावरचा प्रणित मगामागून मग भरत सुटला.

पाणी रेघेला लागलं. "बस!" सर म्हणाले. पण मग येतच राहिले. मी काठोकाठ भरले, वाहिले, आणि सरांचे पॉलिश केलेले बूट मोज्यांसकट भिजवले. फार मजा आली, खोटं कशाला बोलू?

"थांबा म्हटलं ना! मग?"

"मग वाटेत हायेत, सर!" रांगेतली शेवटची मनस्वी म्हणाली आणि आणखी एक ओतला. "मगाशी तुमी आणा आणा बोललात ना, ते आता पोचतात. आमचा दोष नाय."

वर्ग खो-खो हसला. सर मोजे पिळत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "ते कळलं. पण मार्कांचं काय?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, मग वाटेत आहेत."

सरांनी ओले मोजे बुटांत कोंबले. माझा जीव टांगणीला. शेवटी ते उठले आणि म्हणाले, "पुढच्या शनिवारी मी चपला घालून येतो."

तेव्हापासून मी फळ्याखालीच असते. आता धास्ती एकच आहे. वेणूमावशींना माझी दया आलीय, आणि त्या भोक बुजवायला एम-सील घेऊन आल्यात. मावशी, पाया पडते, ते ठेवा बाजूला! हे भोक गेलं, तर मी परत फरशी पुसायलाच ना?