बदकाखालची भेग

मित्रांनो, मी एक जुने बेसिन आहे. एका तीनमजली इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, भाड्याने द्यायच्या दोन खोल्यांत, न्हाणीघराच्या दाराशेजारी मला भिंतीत बसवलेले आहे. आमच्या जातीला लोक शांत समजतात. पांढरा रंग, गुळगुळीत अंग, आणि कोणी काहीही ओतले तरी निमूटपणे खाली सोडून द्यायचे. पण मी मुळीच शांत नाही. मला हेवा वाटतो, आणि तो लपवायला माझ्याकडे जागाही नाही. माझी गोष्ट ऐकताना एवढे ध्यानात ठेवा.

माझा जन्म कारखान्यातला. पातळ माती साच्यात ओतली, वाळवली, झिलई चढवली आणि भट्टीत भाजली. बाहेर आल्यावर एक तपासनीस लाकडी दांड्याने प्रत्येकाला हलकेच ठोकत पुढे जाई. भद्द वाजेल ते बाजूला. माझा आवाज इतका खणखणीत निघाला, की तो पुढे गेलेला परत आला आणि त्याने मला पुन्हा एकदा वाजवून पाहिले. माझ्या शेजारच्या बेसिनला त्याने एकदाच वाजवले होते. ती गोष्ट मी अजून विसरलेलो नाही.

मला विकत घेतले ते घरमालकाने. तेव्हा तो बायकोसह याच खोल्यांत राहत असे. कुठेही बसण्याआधी खुर्चीवर रुमाल अंथरायची त्याला सवय होती, म्हणून इमारतीत सगळे त्याला मागे रुमालकाका म्हणत. मजुरी वाचवायची म्हणून माझ्या वरचा आरसा तो स्वतःच लावायला गेला. बायको माहेरी गेली होती. खिळा ठोकताना हातोडा निसटला आणि माझ्या कडेवर पडला. नळाजवळून खाली एक बारीक भेग गेली. त्या दिवसापासून मला कोणी ठोकले तर मी भद्द वाजतो.

बायको परतण्याआधी रुमालकाकांनी भेगेत पांढरी पुट्टी भरली, आणि पांढऱ्यावर पांढरी तेव्हा कोणाला दिसली नाही. पुढे ते दोघे वरच्या मजल्यावर राहायला गेले, आणि सामान हलवताना सापडलेले गुलाबाचे एक स्टिकर काकांनी गुपचूप पुट्टीवर चिकटवून टाकले. खाली एक रखवालदार भाड्याने आला. तो घर सोडून निघाला तेव्हा काकांनी गुलाबाची कड नखाने उचलली, भेग दाखवली, आणि नव्या बेसिनचे पैसे त्याच्या अनामत रकमेतून, म्हणजे त्याने राहायला येताना ठेवलेल्या डिपॉझिटमधून, कापून घेतले. नवे बेसिन खरोखरच आले. फक्त ते वरच्या मजल्यावर, काकांच्या स्वतःच्या घरात बसले. त्याचे पाणी माझ्या मागच्याच पाइपातून खाली जाते. रोज सकाळी माझ्या पाठीमागून त्याचा खळखळाट ऐकायचा, आणि तो माझ्या भेगेच्या जिवावर चालला आहे हे ठाऊक असूनही गप्प बसायचे. हेवा वाटेल की नाही, तुम्हीच सांगा.

गुलाबावर मग मासा चिकटला. रखवालदारानंतर व्हायोलिन शिकवणारे एक मास्तर राहून गेले. जाताना त्यांनीही त्याच भेगेचे पैसे भरले. माशावर बदक आले. आधीचे स्टिकर काढायला वेळ लागतो आणि झिलई खरवडते, म्हणून काका नवे चित्र सरळ जुन्यावर लावत. काटकसरी माणसाची ही पद्धत होती, आणि तिच्यात काय धोका आहे हे त्यांच्या कधी ध्यानात आले नाही.

बदक आल्यावर त्या दोघी आल्या. वहिनी आणि तिची नणंद. नणंद वयाने मोठी, म्हणून वहिनी तिला वन्सं म्हणे. वहिनीचा नवरा दूरच्या खाणीत डंपर चालवायचा आणि वर्षातून दोनदा घरी यायचा. वन्सं बसमध्ये कंडक्टर होत्या. घर दाखवताना काकांनी माझ्यावरच्या बदकाकडे बोट करून सांगितले होते, की बघा, बेसिनला कशी शोभा आली आहे. वन्संनी बदकाकडे आणि मग काकांकडे पाहिले, आणि शोभेचे वेगळे भाडे नाही ना, असे विचारून घेतले.

वहिनी बायकांचे केस कापायची. आजूबाजूच्या बायका घरीच येत. खुर्ची माझ्याकडे पाठ करून ठेवायची, निळ्या पट्ट्यांचा टॉवेल चौघडी करून माझ्या कडेवर टाकायचा, त्यावर मान टेकवायची, आणि वहिनी स्टीलच्या मगाने कोमट पाणी सोडायची. किती डोकी माझ्यावर विसावली! किती जावांची, सासवांची, साहेबांची गाऱ्हाणी माझ्यात वाहून गेली! वहिनी फार बोलायची नाही. "पाणी गरम नाही ना?" एवढेच विचारायची. संध्याकाळी ती मला पुसून कोरडे करायची, अगदी नळाच्या मागपर्यंत. तिथे त्याआधी कोणाचा हात पोहोचला नव्हता.

मित्रांनो, ती माझी सुखाची वर्षे होती. तरीही मी स्टीलच्या मगावर जळत असे, कारण तो तिच्या हातात असायचा आणि मी भिंतीत. पण तो हेवा किरकोळ होता. खरा हेवा अजून यायचा होता.

एका संध्याकाळी दोघी बाहेरून आल्या त्या उजळलेल्या चेहऱ्याने. बाजाराच्या मागे एक लहान दुकान भाड्याने मिळत होते. आधीच्या माणसाचे सलूनच होते ते, सामान तिथेच होते. वर झोपायला एक खोली. वहिनी हात धुता धुता, म्हणजे माझ्याच पुढ्यात उभी राहून, सांगू लागली.

"वन्सं, ते बेसिन बघितलंत? काळं कुळकुळीत. मानेसाठी खाच काय, हातात धरायचा शॉवर काय. मी नुसता हात फिरवला त्याच्यावरून."

"बघितलं ना. बेसिन बघून तू भाडं विचारायची विसरलीस, ते मी विचारलं," वन्सं म्हणाल्या.

त्यानंतर घरात दुसरा विषयच उरला नाही. काळे बेसिन असे आणि काळे बेसिन तसे. वहिनी मला पुसायची, पण अर्ध्यातच हात थांबायचा आणि ती भिंतीकडे बघून हसायची. त्या भिंतीच्या पलीकडे तिला कोण दिसत होते, ते मला नेमके कळत होते.

अडचण एकच होती. दुकानवाल्याला शनिवारपर्यंत अनामत हवी होती, नाहीतर तो मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एकाला जागा देणार होता. दोघींच्या हाताशी तेवढे पैसे नव्हते. इथली अनामत परत मिळाली तरच तिथली भरता येणार होती.

बुधवारी रुमालकाका तपासणीला आले. रुमाल अंथरून बसले, उठले, टॉर्च लावून भिंती पाहिल्या, खिडक्यांच्या कड्या ओढून पाहिल्या. मग सरळ माझ्याकडे आले. माशाच्याही खाली येणारा बदकाचा एक पाय गरम पाण्याने सुटला होता आणि त्याखालून भेगेचे टोक दिसत होते. काकांनी तिथेच बोट ठेवले. बेसिन फोडले म्हणाले. नवे घ्यावे लागेल, भिंत उकरावी लागेल, फरश्या बदलाव्या लागतील, आणि या सगळ्यात अनामत तर संपेलच, वरचे मी सोडून देतो, असेही म्हणाले.

वन्सं भांडायला उभ्याच राहिल्या होत्या. पण वहिनीचा चेहरा उतरला. मागे एकदा साबणाच्या हाताने तिच्याकडून मग निसटून माझ्यात पडला होता, तेव्हा आवाज कसा भद्द आला होता, ते तिला आठवले. आणि तिने ते बोलून दाखवले.

"काका, माझ्याच हातून झालं असेल. स्टीलचा मग पडला होता एकदा."

"बघा," काका वन्संना म्हणाले. "ती स्वतः सांगते आहे." आणि रुमाल उचलून निघून गेले.

आता माझ्या मनात काय आले ते ऐका. मला आनंद झाला. अनामत बुडाली म्हणजे दुकान गेले, दुकान गेले म्हणजे काळे बेसिन गेले, आणि वहिनी राहिली माझ्यापाशी. दोघी त्या संध्याकाळी नीट जेवल्या नाहीत. वन्सं चिडून म्हणाल्या, की तुझ्या या खरेपणाने एक दिवस आपल्याला रस्त्यावर आणशील. मी मात्र मनात म्हणत होतो, रस्त्यावर कशाला, इथेच राहा की.

दुसऱ्या दिवशी वन्सं कामावर गेल्यावर वहिनी माझ्याकडे आली. आपण फोडले आहे तर निदान नीट दुरुस्त तरी करून द्यावे, काका थोडे तरी पैसे सोडतील, असा तिचा विचार होता. त्यासाठी आधी बदक काढायला हवे होते. केसांत डिंक किंवा च्युइंगगम अडकला तर ती कधी ओढत नसे. कोमट टॉवेल ठेवायची, तेल चोळायची आणि वाट बघायची. तेच तिने माझ्यासाठी केले. निळ्या पट्ट्यांचा टॉवेल गरम पाण्यात पिळून माझ्या कडेवर ठेवला, खोबरेल चोळले, आणि माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसून राहिली. त्या वेळी मी जगातले सर्वात सुखी बेसिन होतो. काळ्याला एवढी सेवा मिळाली होती का कधी?

बदक अलगद सुटले. खाली मासा होता. वहिनीने भुवया उंचावल्या आणि पुन्हा टॉवेल ठेवला. मासा सुटला, तिने तो बदकाशेजारी माझ्या कडेवर ठेवला. खाली गुलाब. गुलाबाची एक बाजू सुटली आणि खाली भेग दिसली, वरपासून खालपर्यंत, जुन्या पिवळट पुट्टीने भरलेली. वहिनी बराच वेळ तिच्यावरून बोट फिरवत बसली. मला वाटले, तिने यातून काही अर्थ काढू नये. पण भाजलेल्या मातीला काही लपवता येत नाही. जे अंगावर आहे ते आहे.

वन्सं संध्याकाळी परतल्या, त्यांनी चपलाही न काढता वाकून बघितले आणि खांद्यावरची पिशवी खाली ठेवून त्या हसत सुटल्या. मग त्यांनी वर जाऊन काकांना बोलावून आणले. काकांनी रुमाल अंथरला.

"काका, भेग आमच्या हातून पडली असं तुमचं म्हणणं," वन्सं म्हणाल्या.

"म्हणणं कसलं? तुमच्या वहिनीनं कबूल केलंय."

"बरं. मग पडलेल्या भेगेत आम्ही पुट्टी भरली, पुट्टीवर गुलाब लावला, गुलाबावर मासा, माशावर बदक. आणि बदक तर आम्ही आलो त्या दिवशी इथंच होतं. शोभा म्हणून दाखवलं होतंत तुम्ही."

काका जवळ येऊन वाकले. आपलेच तीन थर त्यांनी पहिल्यांदा एकत्र पाहिले असावेत. मग म्हणाले, "आधीच्या भाडेकरूंचे उद्योग असतील. मला काय माहीत कोण काय चिकटवतं."

"म्हणजे भेग त्यांची."

"असेल."

"म्हणजे आमची नाही."

काकांनी घसा साफ केला. भेग जुनी असली तरी वाढवली कोणी, असे काहीतरी ते सुरू करणार, तोच मालकीणकाकू त्यांना चहासाठी बोलवायला खाली आल्या. दारातूनच त्यांची नजर माझ्यावर गेली आणि त्या पुढे आल्या.

"अहो, हा माझा गुलाब. फ्रिजच्या दाराला लावायला आणला होता मी, आपण इथं राहायचो तेव्हा. तुम्ही म्हणालात हरवला."

काकूंनी गुलाब पाहिला, मग भेग पाहिली, मग वरचा आरसा पाहिला. शेवटी नवऱ्याकडे पाहिले.

"मी माहेरी गेले होते तेव्हा लावलात ना हा आरसा?"

काकांनी खुर्चीवरचा रुमाल उचलला आणि त्याची घडी घालू लागले. घडी लहान लहान होत गेली. शेवटी आणखी घडी पडेना तेव्हा ते म्हणाले, "सकाळी आणून देतो."

"आत्ताच द्या," काकू म्हणाल्या. "चहा नंतर."

अनामत पूर्ण मिळाली. वन्संनी कंडक्टरच्या सराईत बोटांनी मोजली आणि सवयीने विचारले, "सुटे आहेत का?" वहिनी त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

शनिवारी सामान गेले. स्टीलचा मग गेला, टॉवेल गेला, खुर्ची गेली. जाण्याआधी वहिनीने मला नळाच्या मागपर्यंत पुसून कोरडे केले. मी तिच्यावर रागावू शकलो नाही. सगळा राग मी काळ्यासाठी राखून ठेवला.

आता इथे एक चष्मे बनवणारा राहतो. त्याला घर दाखवताना काका नवे स्टिकर घेऊनच आले होते, पोपटाचे. पण काकू बरोबर होत्या. शेवटी काकांना स्वतःच्या तोंडाने सांगावे लागले, की ही भेग आमची, तुमच्या हिशेबात धरू नका. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल कोणी खरे बोलले ते तेव्हा.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या हातून एखादी वस्तू तडकली तर तिच्यावर चित्र चिकटवू नका, घरात सांगून मोकळे व्हा. आणि कोणी तडकलेली वस्तू तुमच्या पुढ्यात ठेवून तुम्हाला दोष देऊ लागला, तर मान खाली घालण्याआधी तिच्यावरून एकदा बोट फिरवून बघा. आम्हाला बोलता येत नाही. पण कोणी हळुवार हाताने विचारले तर आम्ही सांगतो, आमच्या मनात नसले तरीही.

माझा हेवा? तो अजून आहे. पण परवा काकू केस कापून आल्या आणि जिन्यात शेजारणीला सांगत होत्या, की दुकान छान आहे, पण त्या काळ्या बेसिनची खाच मानेला रुतते. वहिनी आता तिथे एक टॉवेल चौघडी करून टाकते म्हणे. निळ्या पट्ट्यांचा.

तो टॉवेल माझा आहे.