शाळेपुढची आमची जागा

"गारी मागं घे. यो रस्ता शालेचा नाय, माझा हाय," माझे सासरे काळुराम म्हणाले. रस्त्यातच टाकलेल्या खाटेवरून उठलेसुद्धा नाहीत.

शाळेच्या फाटकासमोर त्यांनी सकाळीच आडवी दोरी बांधली होती. स्कूलबसची रांग पार हायवेपर्यंत गेली होती आणि सगळ्यात पुढच्या गाडीत चेअरमन आणि मुख्याध्यापिका बाई घामाघूम होऊन बसले होते. खोटं कशाला बोलू, मला मनापासून बरं वाटत होतं.

शाळेची जमीन आमचीच. गावातल्या पोरांना प्रवेश देऊ, असा शब्द देऊन संस्थेने ती स्वस्तात घेतली. फाटकासमोरचा पट्टा तेवढा मोजणीत सुटला आणि सासऱ्यांच्या नावावर राहिला. गेल्या महिन्यात मी माझ्या हर्षालीला ज्युनिअर केजीसाठी घेऊन गेले, तर ह्याच बाईंनी पोरीला एक प्रश्न विचारला नाही. मला विचारलं, शिक्षण किती? बारावी, म्हटलं. घरात इंग्रजी कोण बोलतं? कोणी नाही. बाई शेजारच्या मॅडमकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "आम्ही कळवू." ते हसू माशाच्या काट्यासारखं घशात अडकून बसलं. दोरीची कल्पना माझी होती. सासऱ्यांनी फक्त गाठ मारली.

नाक दाबलं की तोंड उघडतं. चेअरमन गाडीतून उतरले.

"काका, मिटवून टाकू ना. नातीला उद्यापासून पाठवा."

"आन् गावची बाकीची पोरा?"

"त्यांचं पुढे बघू. तुमच्या नातीचं आज फायनल."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कल्पिता, पोर तुझी हाय. तू बोल."

हो म्हणायचं होतं. एवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं. पण तेवढ्यात बाईही गाडीतून उतरून पुढे आल्या आणि हसल्या. तेच हसू.

"मॅडम, तुमचं शिक्षण किती?" मी विचारलं.

"एम.ए., बी.एड. का?"

"घरात आगरी कोण बोलतं?"

बाईंचा चेहरा पडला. "कोणी नाही."

"मग आम्ही कळवू."

असं सुख मला लग्नातही झालं नव्हतं. चेअरमन पाय आपटत गाडीत जाऊन बसले. बसमधली मुलं उतरून चालत येऊ लागली.

"पोरांना नाय अरवायची," सासरे खाटेच्या कडेला बसलेल्या हर्षालीला म्हणाले. "दोरी वर धर."

तिने धरली. गणवेशातली मुलं एकेक करून वाकून खालून जाऊ लागली. तिच्याएवढीच एक मुलगी थांबली. "तू नाही येत स्कूलला?"

"नाय," हर्षाली ऐटीत म्हणाली. "यो रस्ता आमचा हाय."

शेवटचं मूल आत गेलं. घंटा झाली, वॉचमनने फाटक ओढून घेतलं. हर्षाली मात्र टाचा उंचावून, दोरी दोन्ही हातांनी वर धरून तशीच उभी होती. आता सोड, एवढंच तिला सांगायचं होतं. मी बंद फाटकाकडेच बघत राहिले.