गाळलेली ओळ

"मागे घे," व्हर्लिन म्हणाला.

पडद्यावरचा खेळ उलटा पळाला. गवतावर आडवा पडलेला मुलगा उभा राहिला, हवेत गेला आणि हातातला चेंडू सोडून पाठमोरा धावत सुटला.

"आता सोड."

जॅरेल क्विन्स पुन्हा मैदानाच्या मधोमध तिरका धावत आला. त्याने उंच उडी मारली. चेंडू मिळाला, आणि त्याच क्षणी समोरून आलेल्या गड्याचं हेल्मेट त्याच्या जबड्याखाली बसलं. मुलगा पाठीवर आपटला, पण चेंडू सुटला नाही. एक, दोन, तीन मोजेपर्यंत तो उठलासुद्धा.

"काय पोरगं आहे!" व्हर्लिन म्हणाला आणि वहीकडे वळला.

"लिहू नका एवढ्यात," रोलंड गिलरी म्हणाला. "पुढचा खेळ बघा. चेंडूकडे नाही, जॅरेलकडे."

पुढच्या खेळासाठी पोरं रांगेत उभी राहिली. जॅरेल उजव्या टोकाला गेला. एका सोबत्याने त्याला दंडाला धरून डाव्या टोकाला नेलं. खेळ सुरू झाला, बाकीचे एकवीस जण धावले. जॅरेल जागच्या जागी उभा होता, बस चुकलेल्या माणसासारखा.

रोलंडने चित्र थांबवलं. 

व्हर्लिन हॉकडे एकतीस वर्षं एका व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाचा स्काउट होता. एप्रिलच्या शेवटी देशातले सगळे संघ पाळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात. कोणतं पोर घ्यावं आणि कोणतं सोडावं, हे आधी गावोगाव हिंडून पाहून ठेवायचं, हे त्याचं काम. लांब पळून चेंडू झेलणारे रिसीव्हर ही त्याची खासियत होती. पोरगं वळण्याआधी पावलं आखडतं का, चेंडू आपल्याकडे येणार नाही हे कळल्यावरही जीव तोडून पळतं का, असल्या गोष्टी त्याला पाचव्या मिनिटाला दिसत. मुलीच्या शाळेचं दार त्याने कधी पाहिलं नव्हतं, पण लुईझियानातल्या झाडून सगळ्या कॉलेजांच्या व्हिडिओ रूममधली कॉफी त्याने प्यायलेली होती.

"हे तू मला मुद्दाम दाखवलंस," तो म्हणाला.

"मुद्दामच." रोलंड आता या कॉलेजात रिसीव्हरना शिकवत होता. अडतीस वर्षांचा, पोट सुटलेला, गळ्यात शिटी. "त्या मॅचनंतर दोन दिवस तो उजेडात डोळे उघडत नव्हता. हेड कोच म्हणाले, पोट बिघडून ताप आलाय. कागदावरही तेच आहे. मी तोंड उघडलं तर उद्या माझं सामान फाटकाबाहेर असेल."

"मग मी उघडू?"

"तुम्ही माझ्याबद्दल काय लिहिलं होतंत, आठवतं?"

व्हर्लिनला आठवत होतं. सोळा वर्षांपूर्वी याच कॉलेजात दोन रिसीव्हर होते, रोलंड गिलरी आणि डार्नेल नार्सिस. रोलंड जास्त वेगवान होता. पण गर्दीतून धावताना चेंडू येण्याआधी त्याची मान एक कणभर वळायची, कोण अंगावर येतंय ते बघायला. व्हर्लिनने लिहिलं होतं: *मागून येणाऱ्याची पावलं याला ऐकू येतात.* या धंद्यात याचा अर्थ पोरगं मार खायला घाबरतं, आणि एवढी एक ओळ पुरते. रोलंडला कोणीच घेतलं नाही.

"एक वर्ष मी तुम्हाला रोज शिव्या घालत होतो, मिस्टर व्हर्लिन. पण खोटं नव्हतं ते. मला ऐकू यायची पावलं." रोलंड हसला. "म्हणून म्हटलं, हा माणूस खरं लिहितो. याला दाखवावं."

व्हर्लिनने वही मिटली. रोलंडच्या डोळ्यांकडे त्याला बघवेना.

चाचणी दहा वाजता होती. अठरा संघांची माणसं स्टॉपवॉच घेऊन रेषेवर उभी होती. जॅरेल चाळीस यार्ड पळाला आणि अठरा माना एकदम खाली झुकल्या, मग एकदम वर आल्या. चार पूर्णांक सदतीस सेकंद. कोणी काही बोललं नाही. पोरगं खरोखर आवडलं की ही माणसं गप्प बसतात.

सगळं आटोपल्यावर व्हर्लिनने जॅरेलला सावलीत गाठलं. मुलगा बर्फाची पिशवी मांडीवर धरून बसला होता. नम्र होता, प्रत्येक वाक्यात 'सर'.

"ऑक्टोबरमध्ये तुला जोराचा मार बसला होता. कोणी मारला?"

"बावीस नंबर, सर. पण चेंडू नाही सोडला मी."

"नाही सोडलास. त्याच्यानंतरचा खेळ कोणता होता?"

जॅरेलने पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर ठेवली.

"त्याच्यानंतर... आम्ही जिंकलो, सर."

"पुढचा खेळ विचारतोय मी, पोरा."

मग मान वर न करता तो हळूच म्हणाला, "सर, हे लिहू नका. मी पाया पडतो तुमच्या. मी आता ठीक आहे. तुम्ही काहीही विचारा, सगळं पाठ आहे माझं. फक्त तो एक दिवस..."

"डोकं दुखतं का अजून?"

"कधीतरी. सगळ्यांचंच दुखतं, सर."

व्हर्लिनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"डार्नेल कुठे असतो आता?" गाडीजवळ येऊन त्याने रोलंडला विचारलं.

रोलंडने त्याच्याकडे नीट पाहिलं. "आईकडे. मी जातोच दर शुक्रवारी. येताय?"

डार्नेल नार्सिस हा व्हर्लिनचा शोध होता. व्हर्लिनच्या आधी कुठल्याही स्काउटने या कॉलेजच्या फाटकातून आत पाऊल टाकलं नव्हतं. संघाच्या बैठकीत व्हर्लिनने टेबलावर हात आपटून सांगितलं होतं, हा पोरगा घ्या, नाहीतर माझा राजीनामा घ्या. डार्नेल सात वर्षं खेळला. मैदानाच्या मधून, जिथे जायला बाकीचे कचरत, तिथून चेंडू आणायचा. आठव्या वर्षी तो सरावाच्या जागेवरून घरी यायचा रस्ता विसरला.

डार्नेलच्या आई, मिस ओडिल नार्सिस, दारातच उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, ताठ बाई. ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासातला शुक्रवार होता, मांस वर्ज्य; आत मासे तळल्याचा वास होता.

"मिस्टर हॉकडे. किती वर्षांनी! या. रोलंड, पाय पूस आधी."

डार्नेल खिडकीपाशी बसला होता. अंग अजून तसंच होतं, रुंद खांदे, निमुळती कंबर. त्याने उठून हात मिळवला. "नमस्कार. तुम्ही चर्चमधून आलात ना?"

"नाही, डार्नेल. मी व्हर्लिन."

"बरं झालं आलात," डार्नेल म्हणाला. पाच मिनिटांनी त्याने पुन्हा तेच विचारलं. जेवताना तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी तितक्याच आदबीने, आणि प्रत्येक वेळी रोलंड काही न झाल्यासारखा सांगायचा, "चर्चमधले नाहीत रे, फुटबॉलवाले आहेत."

"तुला डोकं होतं, रोलंड," मिस ओडिल मधेच म्हणाल्या. "तू मान वळवून बघायचास. मी याला म्हणायची, तूही बघ की जरा. हा हसायचा."

व्हर्लिनच्या ताटातला मासा निवत होता. रोलंड डार्नेलला घेऊन अंगणात गेला तेव्हा व्हर्लिन म्हणाला, "मिस ओडिल, मला एक सांगायचंय."

"सांगा."

"तो कॉलेजच्या शेवटच्या वर्षातला सामना. डार्नेलला मार बसला, तो हसत उठला, आणि सरळ समोरच्या संघाच्या बाकावर जाऊन बसला. त्यांच्याकडे पाणी मागितलं. आठवतं?"

"हो. त्यांनी दिलंही."

"मी वर काचेमागे बसलो होतो. मी पाहिलं. सगळं स्टेडियम हसलं, मीही हसलो. मग रिपोर्टमध्ये लिहिलं, मार खाऊन हसत उठतो, भीती म्हणजे काय ते याला ठाऊक नाही. कुठल्या बाकावर जाऊन बसला, ते नाही लिहिलं. सुचलं नाही असं नाही. ती ओळ मी लिहिली होती, आणि खोडली. ती वाचून संघाच्या डॉक्टरांनी दहा प्रश्न विचारले असते. मला पोरगा हातचा घालवायचा नव्हता."

मिस ओडिलनी टेबलावरचं फडकं उचललं, घडी घातली, पुन्हा उलगडलं.

"मीही हसले होते," त्या म्हणाल्या. "चौथ्या रांगेत बसले होते. शेजारणीला कोपराने ढोसून म्हटलं, बघ माझं ध्यान, दुसऱ्यांच्या घरी जाऊन बसलंय." त्यांनी फडकं खाली ठेवलं. "त्या रात्री त्याने दोनदा ओकलं. तुम्ही या सोफ्यावर बसला होतात तेव्हा मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, दगदगीने होतं असं पोरांना."

"म्हणालो होतो."

"मी हसले, मिस्टर हॉकडे, ते माझं माझ्यापाशी. मी आई आहे, मला त्यातलं काय कळत होतं? पण लिहायचं काम माझं नव्हतं."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी उठून त्याच्यासमोरचं गार ताट नेलं आणि गरम मासा वाढून आणला. तो त्याने कसाबसा संपवला.

त्याच आठवड्यात व्हर्लिनने जॅरेल क्विन्सचा रिपोर्ट पाठवला. वेग, उडी, वळणं, सगळ्याचं मनापासून कौतुक केलं. खाली लिहिलं: *ऑक्टोबरच्या सामन्यात डोक्याला मार. पुढच्या खेळात कुठे उभं राहायचं ते कळलं नाही. आजही तो खेळ आठवत नाही. डोकं दुखतं. याला आपण घेऊ नये, आणि कोणी तरी याला चांगल्या डॉक्टरकडे न्यावं.*

संघाच्या नव्या प्रमुखाने फोन केला. तो व्हर्लिनच्या मुलीपेक्षा लहान होता.

"व्हर्लिन, शेवटचं वाक्य कशासाठी आहे? आपण दवाखाना चालवतो का?"

"वाचलंस ना? बास."

"नाव काढतो मी त्याचं यादीतून. पण खरं सांगू? पूर्वी तू असा नव्हतास. पूर्वी तू पोरांसाठी भांडायचास."

फोन ठेवल्यावर व्हर्लिनच्या मनात आलं, आज तरी भांडलोय. पण समाधान वाटेना.

एप्रिलमध्ये निवड झाली. व्हर्लिन घरी टीव्हीसमोर बसला होता. तिसऱ्या फेरीत उत्तरेकडच्या एका संघाने जॅरेल क्विन्सचं नाव घेतलं. पडद्यावर त्याचं घर दिसलं, माणसांनी गच्च भरलेलं. जॅरेल आजीच्या मांडीत डोकं खुपसून रडत होता. ती त्याच्या केसांतून हात फिरवत होती.

व्हर्लिनने रोलंडला फोन लावला.

"बघितलं," रोलंड म्हणाला. "त्या टीमचा माणूस मागच्या महिन्यात आला होता. मी शेवटी हिंमत केली, मिस्टर व्हर्लिन. सगळं सांगितलं त्याला, तोंडावर."

"मग?"

"तो म्हणाला, कोणाला लागलेलं नसतं?"

"तुझी नोकरी?" व्हर्लिनने विचारलं.

"जूनपर्यंत आहे. मग शाळेत शिकवीन. बघू."

"जॅरेल काही बोलला?"

"माझ्याशी बोलत नाही. तुमच्याबद्दल एकदा म्हणाला, त्या म्हाताऱ्याला दाखवून देईन." रोलंडने घसा साफ केला. "दाखवलं तर बरंच आहे. नाही का?"

"देव करो आणि दाखवो," व्हर्लिन म्हणाला, आणि ते त्याने अगदी मनापासून म्हटलं.

मे महिन्यात त्याने काम सोडलं. निरोपाच्या जेवणात कोणीतरी भाषणात डार्नेल नार्सिसचं नाव घेतलं, व्हर्लिनच्या नजरेचा सर्वांत मोठा पुरावा म्हणून. टाळ्या पडल्या. तो उभा राहिला आणि सगळ्यांचे आभार मानून बसला.

पुढच्याच शुक्रवारी तो चार तास गाडी हाकत मिस ओडिलकडे गेला. आपण का आलो, हे त्याला नीट सांगता आलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. अंगणातल्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली होती, त्यावर कोळंबीसारख्या लालभडक उकडलेल्या क्रॉफिशचा ढीग, मका आणि बटाटे. रोलंड यायचा होता.

"नमस्कार. तुम्ही चर्चमधून आलात ना?" डार्नेलने विचारलं.

"नाही. मी फुटबॉल बघायचो."

"मी खेळायचो," डार्नेल म्हणाला. "असं म्हणतात सगळे. तुम्ही पाहिलंय मला?"

"पाहिलंय."

"कसा होतो मी?"

एकतीस वर्षांत व्हर्लिनने हजारो पोरांबद्दल लिहिलं होतं. एवढा साधा प्रश्न मात्र कुठल्याच पोराने त्याला विचारला नव्हता.

"एकदा पाऊस पडत होता," तो सावकाश म्हणाला. "चेंडू तुझ्या बराच मागे पडला होता. कोणीही सोडून दिला असता. तू पळता पळता सगळा फिरलास, गिरकी घेतल्यासारखा, आणि पाठीमागून काढून आणलास. माझ्या शेजारी एक माणूस होता. तो जागेवरून उठून उभाच राहिला. मी त्याला म्हटलं, बस रे, लोकांना दिसत नाही."

डार्नेलने लक्ष देऊन ऐकलं, शेजारच्या गावची हकिगत ऐकावी तसं. "चांगलं होतं की मग," तो म्हणाला.

"फार चांगलं होतं."

व्हर्लिनने एक क्रॉफिश उचलला आणि त्याची शेपटी उलटीसुलटी पिळून पाहिली. कवच निघेना. डार्नेलने थोडा वेळ ते बघितलं. मग त्याची लांबसडक बोटं ढिगाकडे गेली. बोटांकडे न बघताच तो सोलत राहिला, एक पीळ, एक ओढ, आणि अख्खी शेपटी बाहेर, एकही न तुटता. मूठभर पांढऱ्या शेपट्या जमल्या तेव्हा त्याने त्या सगळ्या व्हर्लिनच्या ताटात ठेवल्या.

"खा," तो म्हणाला. "गार होतील."