गाण्यांच्या मागचे धडे

माझ्या बायकोला, वर्नाला, जाऊन वर्ष झालं, त्या दिवशी मी तिची निळी वही उघडली. आमच्यात गेलेल्या माणसाच्या वस्तू वर्षभर बांधून ठेवतात.

वर्ना दर मंगळवारी सभागृहात आमच्या जमातीची भाषा, ओजिब्वे, शिकवायची. माझी भाषा शाळेनं लहानपणीच मारून काढली होती. वर्ना गेल्यावर वर्ग बंद पडला. वर्ष झालं की वही घेऊन मी येतो आणि वाचून दाखवतो, असं मी सगळ्यांना कबूल केलं होतं.

वहीत दहाच धडे निघाले. खाली लिहिलं होतं, "पुढचे तीस गाण्यांच्या मागे."

गाणी म्हणजे तिच्या आजीची पियानोची छापील पानं, शंभर वर्षांपूर्वीची. प्रत्येकावर डोक्यात पिसं खोचून आमच्यातली असल्याचं सोंग करणारी गोरी बाई होडीत बसलेली. वर्ना म्हणायची, "हिला आमच्यासारखा होडीतून तळ्यातला रानभात झोडायला लावा एक दिवस." ती पानं द्यायचा शब्द तिनं आजारपणात एका संग्रहालयाला दिला होता. आधी उतरवून घेते, म्हणाली होती. काय उतरवायचं, ते मी विचारलं नाही. ती गेल्यावर त्यांचा माणूस आला, तेव्हा गाठोडं मी बांधलेलंच दिलं. सही करायच्या कागदावर प्रश्न होता, मागच्या बाजूला जपण्यासारखं काही आहे का? मी "नाही" लिहिलं.

वर्नाचा भाऊ अर्ल मला गाडीतून शहरात घेऊन गेला.

"दाजी, न वाचता सही केलीत?"

"केली."

"लग्नातही तेच केलं होतंत. तेव्हा निदान नशीब बरं होतं."

संग्रहालयातल्या बाईंनी पानं आणली. प्रत्येक पान जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेलं होतं.

"चुरा होत होता," त्या म्हणाल्या. "आता खूप वर्षं टिकतील."

"मागं पेन्सिलनं लिहिलेलं होतं."

"हो, होतं. पण तुम्ही नाही म्हणालात, म्हणून फोटो काढले नाहीत."

"सोडवता येतील?"

"पुढचा भाग सुटेल. मागचा पुठ्ठ्यालाच राहील, तुकड्या-तुकड्यांत." त्यांचा आवाज खाली गेला. "माफ करा."

त्यांची चूक नव्हती. मी एक पान खिडकीशी धरलं. उजेड पलीकडे गेला नाही.

परतताना अर्लनं गाडी हळू केली. मग म्हणाला, "स्वयंपाक करताना ती ओजिब्वेत बोलायची ना तुमच्याशी? त्यातलं काही आठवतं?"

"आवाज आठवतो."

"शब्द?"

"नाही."

मंगळवारी आठ जण आले. मी वहीतून पहिला धडा वाचला. उच्चार चुकत होते, तरी ते माझ्यामागून म्हणत होते. असे दहा मंगळवार गेले. अकराव्याला मी दहावा धडाच पुन्हा काढला. बाराव्यालाही तोच.

टपाल कचेरीतली मार्लीन म्हणाली, "हा झालाय, काका."

"माहीत आहे," मी म्हणालो.

तिनं आपल्या वहीचं नवं पान काढलं आणि तेच शब्द पुन्हा उतरवून घेऊ लागली.