डाळिंबाच्या कात्रीनं कापलेलं प्लास्टर

शी! तो वास आठवला की प्राचीला अजून घास उतरत नाही. प्लास्टरखालच्या त्या कुबट वासावर आईनं गुलाबाची पावडर थापली आणि त्याच हातात पोह्यांचा ट्रे दिला होता.

निरवांगीत रावजींची डाळिंबाची बाग, आणि बागेच्या कडेला त्यांच्या लेकीची, प्राचीची, शेडनेटमधली रोपवाटिका. ढोबळी मिरचीचं रोप उपसायचं, उताण्या तळहातावर घेऊन मुळ्या पाहायच्या आणि मगच गिऱ्हाइकाला द्यायचं, ही तिची रीत. हातावर घेतल्याशिवाय रोप कळत नाही म्हणायची. कॅनॉलच्या रस्त्यावर स्कूटी घसरली आणि त्याच उजव्या हाताची, कोपर आणि मनगटामधली दोन्ही हाडं मोडली.

बारामतीच्या डॉक्टर स्वरदांनी एक्स-रे पाहून सरळ सांगितलं, "मोठ्या माणसाला प्लेट बसवलेली चांगली. दोन लांब चिरे पडतील, पण हात पूर्वीसारखा वळेल."

"चिरे?" रावजी खुर्चीतून अर्धे उठलेच. "पोरगी उजवायची हाय, डॉक्टरीणबाई. हातावर एवढाली शिवण बघून कोण पुढं यील? आमच्या भावकीतल्या अविराजच्या पोराला तुमीच बारीक खिळं घातलं की. टाका दिसत बी न्हाय."

"तो लहान आहे. हाडाच्या पोकळीत सरकवलेले लवचिक खिळे मुलांना पुरतात, त्यांची हाडं भराभर जुळतात. मोठ्या माणसाचं हाड त्या खिळ्यावर सरळ राहतं, पण त्याच्याभोवती फिरू शकतं. घालता येतील, पण मग दंडापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे. एक दिवसही काढायचं नाही. प्राची, तुम्हाला काय वाटतं?"

"तिला काय कळतंय? खिळंच घाला," रावजी म्हणाले. हात कुणाचा आणि तोंड कुणाचं! प्राची कळांनी अर्धमेली झाली होती. तिनं मान डोलावली.

ऑपरेशन नीट झालं. मनगटापाशी एक आणि कोपरापाशी एक, बोटाच्या पेराएवढे दोन काप. रावजी गावभर असे सांगत सुटले, जणू खिळे त्यांनीच ठोकले होते.

प्लास्टरची निम्मी मुदतही सरली नव्हती, तोच सांगवीचं स्थळ आलं. मुलगा विशाल, पुण्यात नोकरीला. "पुढल्या महिन्यात बोलवा की," प्राची म्हणाली. पण पिकलेलं डाळिंब आणि चालून आलेलं स्थळ झाडावर ठेवू नये, ही रावजींची अक्कल. प्लास्टर दिसलं तर पाहुणे मुलीत खोट काढणार. मग या गृहस्थानं काय करावं? छाटणीची कात्री आणली आणि ओसरीत बसून लेकीचं प्लास्टर उभं चिरलं.

"तात्या, डॉक्टर न्हाय म्हणाल्यात."

"घटकाभराचा तर प्रश्न हाय. परत बांधू."

आत सुटलेले कातडीचे पापुद्रे, मळाचा लगदा, आणि तो वास. छबूबाईनं, तिच्या आईनं, ओल्या फडक्यानं हात पुसला, पावडर थापली आणि लांब बाह्यांचा ब्लाउज चढवला. ट्रे उचलताना हातात आत काहीतरी सरकलं. प्राचीनं ओठ चावला. पाहुण्यांनी पोहे चापले, वर लिंबूही मागून घेतलं. "पोरगी लई शांत हाय," विशालची आई म्हणाली. शांत! दुखण्यानं तिची वाचा बसली होती.

पाहुणे गेल्यावर रावजींनी तेच प्लास्टर पुन्हा चढवलं आणि वरून बागेतली सुतळी आवळली. तपासणीची तारीख सबबी सांगून लांबवली. अखेर बारामतीला गेले, तेव्हा डॉक्टरांनी ती सुतळी पाहिली, एक्स-रे पाहिला आणि प्लास्टर उतरवून हात वळवून पाहिला. हाड जुळलं होतं, पण पीळ पडून.

"तळहात वर वळणार नाही. हाड पुन्हा कापून प्लेट बसवावी लागेल."

"आता चिरफाड नगं," रावजी म्हणाले. "हाड धरलंय न्हवं? सुपारी बी ठरलीय."

घरी आल्यावर प्राची एक रोप उपसून हातावर घ्यायला गेली. हात अर्ध्यावर अडला आणि रोप घसरून पायाशी पडलं. तिला बापाची किळस आली, आईच्या पावडरीची आली, आपल्या डोललेल्या मानेचीही आली.

साखरपुड्याला अंगणात मांडव उभा राहिला. विशालच्या आईनं पुडा पुढं केला. "धर गं बाई, ओंजळ कर."

डावा हात उताणा झाला. उजवा अर्ध्यावरच थांबला. पुडा निसटला आणि साखर पाटाभोवती सांडली.

"घाम आलाय हाताला," छबूबाई उगीच दात काढत म्हणाली.

विशालच्या आईनं पिशवीतून दुसरा पुडा काढला. "उजव्या हातानं घे. शुभकार्यात डावा नगं."

"उजवा वळत न्हाय," प्राची म्हणाली, साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशी. "तुमी बघायला आला, तवा तात्यांनी माझं प्लास्टर डाळिंबाच्या कात्रीनं कापलं. तुमाला दिसू नये म्हणून. हाड आत फिरलं."

"गप बस," रावजी दातओठ खात पुटपुटले. "लोक बघत्यात."

"बघू द्या की." तिनं बाही वर सारली. "बघा, शिवण कुठंच न्हाय. आता पडंल. उद्याच बारामतीला जाऊन प्लेट बसवून घेणार हाय मी."

विशालची आई पुडा धरून तशीच उभी राहिली. प्राचीनं तो डाव्या हातानं तिच्याकडून घेतला आणि रावजींपुढं धरला. लोकांदेखत काय करणार? त्यांची ओंजळ आपसूक पुढं आली. तिनं पुडा त्या ओंजळीत ठेवला.

"तुमची ओंजळ नीट हाय, तात्या. तुमीच धरा."